प्रारूप विकास आराखडा आलाय? हरकत कशी द्यायची आणि मुख्य म्हणजे ती दिल्यावर काय करायचं

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर एक अंधुक नकाशा फिरायला लागतो, कोणीतरी पेनने गोल केलेला, खाली लिहिलेलं असतं "आपल्या भागावर आरक्षण पडलं" (म्हणजे जागा शाळा, मैदान, दवाखाना अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली), आणि मग ज्याला त्याला फोन सुरू. तो फोटो बघून काहीही ठरवू नका. हरकत घेणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, त्याला वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहून दिलं तरी चालतं, फक्त मुदतीत आणि नेमकं लिहावं लागतं. पण खरी अडचण पुढे आहे. लोक हरकत देऊन पोच घेतात आणि घरी बसतात, आणि आराखडा मात्र त्यानंतर समितीत बदलतो, सभागृहात बदलतो, मंत्रालयात बदलतो. म्हणून हे सगळं शेवटपर्यंत कसं न्यायचं ते लिहितोय, थोडं लांबेल.

आधी कायदा काय ते दोन मिनिटांत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याखाली महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आपापल्या हद्दीचा विकास आराखडा म्हणजे डीपी करतात, कुठल्या जमिनीचा पुढे काय वापर करायचा ते त्यात ठरतं, आणि मंजुरीआधीचा त्याचा मसुदा म्हणजे प्रारूप. साधारण २० वर्षांनी तो सुधारायचा असतो. कलम २३ ला आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ ला सध्या जमीन कशी वापरली जातेय त्याचा सर्व्हे होतो, मग कलम २६ ला प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवतात, कलम २८ ला नियोजन समिती सुनावणी घेते, तिचा अहवाल सभागृहापुढे जातो, कलम ३० ने आराखडा सरकारकडे जातो आणि कलम ३१ ने मंजूर होतो. एवढं पाठ असलं की ऑफिसमध्ये कोणी "आता काही होत नाही" म्हणालं तर "साहेब, आपण सध्या कुठल्या कलमावर आहोत?" एवढं विचारता येतं. हा प्रश्न खूप काम करतो.

मुदत

कलम २६ ची नोटीस राजपत्रात आणि स्थानिक पेपरात येते. नगरपालिकांना साधारण ३० दिवस असतात, मुंबईच्या २०१५ च्या आराखड्याला ६० दिवस होते. तुमच्या नोटिशीत शेवटची तारीख असते तीच धरा, मुदतवाढ मिळेल या आशेवर बसू नका, मिळाली तर बोनस. शेवटच्या दोन दिवसांत आवक-जावकला एवढी गर्दी होते की पोच द्यायलाही माणूस नसतो, आणि पोच नसेल तर तुमची हरकत आली होती हे पुढे सिद्ध करणं अवघड. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेऊनच काउंटर सोडायचा. नोटिशीत ईमेल किंवा ऑनलाइनची सोय दिली असेल तर तिकडेही टाका पण कागद द्याच.

नकाशा वाचायचा कसा

नकाशा ऑफिसात लावलेला असतो, बहुतेक ठिकाणी वेबसाइटवर पीडीएफ पण टाकतात. प्रमाणित प्रत किंवा उतारा पैसे भरून मिळतो, तसं कायद्यातच आहे. तुमच्या भागाच्या शीटची प्रत घ्या, मोबाइलवर काढलेल्या फोटोत रस्त्याची हद्द सरकलेली दिसते.

दोन नकाशे असतात हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. एक विद्यमान जमीन वापराचा, म्हणजे आत्ता काय आहे, आणि दुसरा प्रस्तावित जमीन वापराचा, म्हणजे पुढे काय करायचंय. सगळे जण प्रस्तावित नकाशावर तुटून पडतात पण चूक कितीतरी वेळा पहिल्या नकाशातच असते. तिथे पंधरा वर्षं वसलेली वस्ती मोकळी जागा म्हणून दाखवलेली असते, मग साहजिकच प्रस्तावित नकाशात तिच्यावर शाळा नाहीतर गार्डन येतं. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा आठवतोय का, उभ्या इमारतींवरून रस्ते नेले होते, ६५ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या आणि शेवटी मुख्यमंत्री फडणवीसांनी तो दुरुस्त करून परत आणायला लावला. सुधारित मसुदा २०१६ ला आला, सभागृहाची मंजुरी २०१७ ला, आणि लागू व्हायला १ सप्टेंबर २०१८ उजाडलं. तेव्हा पहिला नकाशा आधी तपासा, त्यातली चूक दाखवून देणं सगळ्यात सोपं असतं, कारण ती डोळ्याला दिसते.

मग आपला गट नंबर, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवर गटाची हद्द बघा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा की नक्की किती भाग बाधित होतोय. पूर्ण गट जातोय का कडेची पट्टी, ते कळल्याशिवाय काही लिहू नका. रंगांचा अर्थ नकाशाच्या सूचीतूनच घ्यायचा. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती हे तोंडी माहिती असतं, पण हिरव्याच्या दोन-तीन छटा असतात, एक शेतीची, एक बागेच्या आरक्षणाची, आणि या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नकाशासोबत अहवाल असतो, जाडजूड, तो कोणी उघडत नाही. उघडा. त्यात प्रत्येक आरक्षणाचा नंबर, प्रयोजन, क्षेत्र, गट नंबर आणि समुचित प्राधिकरण म्हणजे ती जागा घेणार कोण, हे टेबलात दिलेलं असतं. नकाशात एक आणि टेबलात भलतंच असं सापडलं तर ती हरकत एकदम पक्की. लोकसंख्येचा अंदाजही तिथेच असतो. २० वर्षांनी गाव किती वाढणार हे धरून किती घरं, किती शाळा, किती पाणी लागेल ते काढलेलं असतं, आणि तो आकडा फुगवला की शेतीचा पट्टा रहिवासी करायला कारण मिळतं, कमी धरला की मैदानं कमी दाखवली तरी चालतात. हा आकडा कुठून काढला ते नक्की वाचा.

आपल्या प्लॉटच्या पलीकडे बघा

माझी कळकळीची विनंती इथे आहे. आपल्या घराला धक्का नाही म्हटलं की नकाशा मिटवू नका. तुमच्या प्रभागात घरांसाठी जागा कुठे ठेवलीय, कोणासाठी ठेवलीय, आधीच्या आराखड्यात जी मैदानं, दवाखाने, भाजी मंडई, दुर्बल घटकांची घरं यांची आरक्षणं होती ती नव्यात आहेत का, हे बघा. जुना मंजूर नकाशा मागून घ्या आणि दोन्हींची यादी करा. एखादं आरक्षण गायब असेल तर विचारायचं की जागा ताब्यात घेऊन विकसित केली म्हणून वगळलं, का नुसतंच वगळलं.

नदीकाठी राहत असाल तर पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळी आणि लाल यांच्या मधे अटी असतात. कोल्हापूर-सांगलीकरांना २०१९ नंतर हे वेगळं सांगायला नको. पूररेषेच्या आत पिवळा रंग दिसला तर तुमचा प्लॉट असो नसो, हरकत घ्या, कारण तिथे उद्या जो हप्त्यावर फ्लॅट घेणार आहे तो आज हरकत द्यायला इथे नाहीये.

गुंठेवारीत राहणाऱ्यांनी तर डोळ्यात तेल घालून बघायचं. एक-दोन गुंठे घेऊन घर बांधलेलं, सातबारावर अजून सामायिक नावं, झोन हिरवा, आणि आराखड्यात तिथे काय दाखवतात त्यावर पुढे घर नियमित होणार का नाही हे बरंचसं ठरतं. घरपट्टीच्या पावत्या, लाईट बिलं, जुनी उपग्रह चित्रं गोळा करा आणि सगळ्या गल्लीने आपापल्या कागदांसकट हरकती द्या. भाडेकरू असाल, जागा नावावर नसेल, झोपडपट्टीत राहत असाल तरी हरकत-सूचना देता येते. कायद्याने जमीनमालक असायची अट घातलेली नाही. कोणी "सातबारा आणा मग घेतो" म्हणालं तर लेखी मागा.

लिहायचं कसं

छापील फॉर्मवर हजार सह्या हा प्रकार मला पटत नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याला २०१३ मध्ये ८० हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या, एवढ्या ढिगात एकसारखे फॉर्म एका गठ्ठ्यात बांधून एकच उत्तर लिहून निकाली काढणं कोणालाही सोपं जातं. प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपल्या गटाचं लिहिलं की प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. एका अर्जात एकच मुद्दा, तीन मुद्दे असतील तर तीन अर्ज. नमुना असा:

"प्रति, मा. मुख्याधिकारी, अमुक नगरपरिषद. विषय: सुधारित प्रारूप विकास आराखडा, कलम २६ अन्वये हरकत व सूचना. संदर्भ: राजपत्र नोटीस दिनांक अमुक. महोदय, मौजे अमुक येथील गट क्र. अमुक, प्रस्तावित नकाशा शीट क्र. अमुक, यावर आरक्षण क्र. अमुक (खेळाचे मैदान) दर्शवले आहे. या जागेवर सन अमुक पासून ३२ कुटुंबांची घरे असून विद्यमान जमीन वापर नकाशात ती मोकळी जागा दाखवली आहे. घरपट्टी पावत्या व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मैदानाची गरज आम्हाला मान्य आहे. त्यासाठी लगतचा गट क्र. अमुक हा शासकीय व मोकळा असून त्याचा विचार व्हावा. मला सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी."

यातली शेवटची दोन वाक्यं विसरू नका. पर्याय दिला की समितीला काहीतरी करता येतं, नुसतं "आरक्षण रद्द करा" म्हटलं की तिला हो किंवा नाही एवढंच उरतं. आणि सुनावणीची मागणी लेखी पाहिजेच. पर्याय म्हणून शेजाऱ्याचा गट सुचवू नका बरं का, असं केलं की गल्लीत कायमचं वैर होतं आणि समितीही ते गांभीर्याने घेत नाही. सरकारी जमीन, पालिकेची पडून असलेली जागा, नाहीतर आरक्षणाचा आकार बदलणं, रस्त्याची आखणी थोडी सरकवणं असं काही सुचवा. गायरान सुचवताना मात्र त्यावर कोण राहतं, कोणाची गुरं चरतात ते आधी जाऊन बघा.

आणि आता जे कोणीच करत नाही ते. आरक्षण राहू द्या, असंही लिहून द्या. कायद्यात शब्द "हरकती आणि सूचना" असे आहेत, पाठिंबाही सूचनाच आहे. ज्याची जमीन जाणार तो हरकत घेणारच, त्याचा तो हक्क आहे आणि त्याला योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, पण ज्या पाचशे पोरांना ते मैदान मिळणार त्यांच्यातर्फे एकही कागद फाइलीत नसतो. मग समितीपुढे आरक्षण क्रमांक अमुकविरुद्ध एक हरकत आणि बाजूने शून्य. आरक्षण उडवणाऱ्याला पुढे एवढंच म्हणायचं असतं की स्थानिकांचा विरोध आहे. महिला बचत गट, शाळेची पालक समिती, तालीम मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, प्रत्येकाने लेटरहेडवर एक पान द्या, की या भागात एवढी घरं आहेत, जवळचं मैदान एवढ्या अंतरावर आहे, हे आरक्षण ठेवा. पुण्यात समाविष्ट २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकलं ते टेकड्या वाचवा म्हणणारे लोक वर्षानुवर्षं मागे लागले म्हणून. त्यात जमीनमालकांना दिलेला ८ टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) पुरेसा नाही ही तक्रारही खरी आहे, दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात आणि म्हणाव्यात.

सुनावणी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. नोटीस येईल, तारीख पाळा. तुम्हाला चार-पाच मिनिटं मिळतील, त्यात भाषण करू नका. नकाशाची प्रत, त्यावर रंगीत पेनने आपला भाग, दोन फोटो, आणि एक वाक्य की मला काय हवंय. तज्ज्ञ सदस्याकडे बघून बोला, प्रश्न बहुतेक तेच विचारतात. बाहेर आल्यावर सुनावणीत काय बोललात ते एका पानावर लिहून त्याच दिवशी आवक करा, "सुनावणीतील लेखी निवेदन" म्हणून, कारण तोंडी बोललेलं अहवालात कसं उतरेल ते सांगता येत नाही.

सभागृह

आता खरा खेळ. समितीचा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे येतो, बहुतेक वेळा खास सभा बोलावतात. विषयपत्रिका नगरसचिवांकडे मिळते, प्रेक्षक गॅलरीचा पास लागत असेल तर तोही तिथेच विचारा, आणि पाच-दहा जण गॅलरीत जाऊन बसाच. सभेत आराखड्यावर चर्चा कमी आणि उपसूचना जास्त असतात. उपसूचना म्हणजे मूळ ठरावात बदल सुचवणारा कागद, सूचक एक, अनुमोदक एक, कधीकधी एका गठ्ठ्यात डझनावारी, वाचून दाखवल्या न दाखवल्या आणि "मंजूर, मंजूर". सुनावणीत टिकलेलं मैदान इथे पाच सेकंदांत रहिवासी झोन होऊ शकतं. हे मनाला फार लागतं, कारण महिनाभर राबलेल्या लोकांना ते पेपरातूनच कळतं.

त्यासाठी सभेच्या आधीच आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटा, सगळ्या पक्षांच्या. प्रत्येकाला लेखी विचारा की आरक्षण क्रमांक अमुकबद्दल तुमची भूमिका काय. त्यांच्याकडून उपसूचना हवी असेल तर मसुदा तुम्हीच टाइप करून द्या, गट नंबर आणि शीट नंबरसकट, त्यांना पंचवीस कामं असतात. सभेनंतर ठरावाची आणि उपसूचनांची प्रत मागा, इतिवृत्त कायम होईपर्यंत थांबू नका, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. त्यातून कळतं की कोणतं आरक्षण कोणाच्या सहीने हललं, आणि मग सरकारकडे लिहिताना तुमच्या हातात पुरावा असतो.

पालिकेवर प्रशासक असेल तर, आणि २०२२ नंतर कितीतरी महापालिकांत वर्षानुवर्षं तेच होतं, सभागृहाचे अधिकार त्या एका अधिकाऱ्याकडे असतात. चर्चा होतच नाही, त्यामुळे सगळा जोर लेखी हरकतीवर आणि सुनावणीवर लावा, आणि आमदारांकडे जा. पिंपरी-चिंचवडचा २०२५ चा प्रारूप आराखडा प्रशासकाच्या काळातच आला. त्यात आळंदीजवळ मोशीत कत्तलखान्याचं आरक्षण होतं, वारकऱ्यांनी आवाज उठवला आणि ऐन वारीच्या दिवसांत मुख्यमंत्र्यांनी ते काढायला सांगितलं. एवढी ताकद प्रत्येक मुद्द्यामागे नसते हे मान्य, पण सभागृह नसलं तरी दारं असतात.

सरकारकडे गेल्यावर

पालिकेने वेळेत केलं नाही किंवा फारच गोंधळ घातला तर सरकार आराखडा आपल्या हातात घेऊ शकतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१५ मध्ये असाच काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली आणि मंजुरी आली जानेवारी २०१७ ला. तुमचा आराखडा मंत्रालयात गेला की नगरविकास विभाग आणि नगररचना संचालक, दोघांना पत्र लिहा. जुनी हरकत, पोच, सुनावणीचं निवेदन, सभागृहाचा ठराव, सगळं जोडून. सरकारने स्वतः मोठे बदल सुचवले तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर पुन्हा हरकती मागवतात, त्याला ईपी म्हणजे वगळलेला भाग म्हणतात, मुदत महिन्याची. त्या वेळी लोक दमलेले असतात आणि नोटीस पेपरात कोपऱ्यात येते. गल्लीतल्या एकाला राजपत्रावर लक्ष ठेवायचं काम वाटून द्या.

एक व्यवहाराची गोष्ट मधेच सांगतो. आराखडा प्रारूप असला तरी बांधकाम परवानगी देताना पालिकेला तो विचारात घ्यावा लागतो, कलम ४६. "अजून फायनल कुठे झालाय" म्हणून जागा घेणाऱ्यांनी सौदा करण्याआधी झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी दाखवलीय त्याचा दाखला) आणि भाग नकाशा काढा, प्रारूप आणि जुना मंजूर दोन्हींचा. एजंटने दाखवलेल्या पीडीएफवर इसार देऊ नका.

मंजूर झाल्यावर

लागू झाल्याची तारीख राजपत्रात असते, ती लिहून ठेवा, कारण घड्याळ तिथून सुरू होतं. आरक्षित जागा १० वर्षांत घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि नंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. जमीनमालकासाठी ही सुटका आहे, आणि ती न्याय्यही आहे, कोणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवायची नसते. पण तुमच्या मैदानासाठी, दवाखान्यासाठी, घरांसाठी तो धोका आहे, कारण पालिका पैसे नाहीत म्हणून बसून राहते आणि दहा वर्षं निघून जातात. म्हणून दर वर्षी बजेट तयार व्हायच्या वेळी, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या की आरक्षण क्रमांक अमुकच्या भूसंपादनासाठी तरतूद करा, नाहीतर मालकाशी टीडीआर किंवा एफएसआयच्या (त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाच्या परवानगीच्या) मोबदल्यात बोलणी करा. जागा छोटी असेल तर समावेशक आरक्षणाचा विचार करायला सांगा, म्हणजे मालक स्वतः काही भाग बांधून पालिकेला देतो आणि उरलेल्यावर त्याला बांधता येतं. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवरच्या स्कीममध्ये २० टक्के छोटी घरं ठेवायचा नियम आहे, तुमच्या भागात अशी स्कीम आली तर ती घरं मंजूर नकाशावर कुठे दाखवलीत ते बांधकाम परवानगी विभागात जाऊन बघा आणि नकाशाची प्रत मागा.